संशोधनाला दिलेला नवरा

आउने पेसोनेनच्या माहेरी दिलेला शब्द परत घ्यायची पद्धत नव्हती. तिच्या बापानं एकदा शेजाऱ्याला कोठाराचं छप्पर घालायला येतो म्हणून सांगितलं होतं. नेमकं त्याच दिवशी आभाळ भरून आलं, आणि स्वतःचं कापलेलं गवत शेतात उघड्यावर पडलेलं. बाप गवताकडे न बघता शेजाऱ्याच्या छपरावर जाऊन बसला. गवत कुजलं, हिवाळ्यात एक गाय विकावी लागली, आणि घरात कुणी चकार शब्द काढला नाही. आमच्या फिनलंडच्या पूर्वेकडच्या मुलखात असल्या गोष्टी अभिमानानं सांगतात. मला विचाराल तर शेजाऱ्याला नुसतं 'उद्या आलो तर चालेल का' असं विचारलं असतं तरी भागलं असतं. पण विचारायचं म्हणजे तोंड उघडावं लागतं, आणि ते आमच्या माणसांच्या जिवावर येतं.

अशा घरातल्या आउनेनं सार्कीवारा गावच्या काउकोशी लग्न केलं. काउको नदीतून लाकडाचे ओंडके वाहून नेणाऱ्या टोळीत होता. पाय ओंडक्यावर, हातात आकडीची काठी आणि ओठांत सिगारेट, असा तो वसंतात नदी उतरायचा. आमच्याकडे बोलका पुरुष म्हणजे एक तर प्यालेला, नाही तर पाद्री. काउको दोन्ही नव्हता.

आउनेचा बाप छातीच्या दुखण्यानं गेला. दोन्ही भाऊ पन्नाशीच्या आत गेले, त्यातला धाकटा तर जाळं ओढता ओढता होडीतच. त्या काळी आमच्या पुरुषांची तीच रीत होती. साठी बघितलेला माणूस गावात म्हातारा नव्हे, नशीबवान समजला जाई. त्यामुळे आउनेनं पहिल्या वर्षापासून सिगारेटशी वैर धरलं.

"अरे, विझव की ते धुराडं! त्यापेक्षा सॉनाच्या न्हाणीचं बरं, आठवड्यातून एकदाच पेटतं."

"हं."

"माझ्या भावाच्या थडग्यावरची माती अजून बसली नाही, काउको."

"हं."

हे 'हं' वीस वर्षं टिकलं. तिनं काडेपेट्या लपवल्या, पाकिटं चुलीत घातली, दोन हिवाळे वेगळ्या खोलीत झोपून काढले. ती चिडली की तिचा आवाज तळ्याच्या पलीकडच्या काठावर जायचा. गावात म्हणायचे, पेसोनेनकडे कुत्रं पाळायची गरज नाही. काउको पायरीवर जाऊन बसायचा आणि एक पेटवायचा.

१९८५च्या सुमाराला हेलसिंकीहून डॉक्टर मंडळी आली. आमच्याकडचे पुरुष इतके लवकर का मरतात, कुणाला कशानं कॅन्सर होतो, कुणाचं हृदय कशानं बंद पडतं, हे त्यांना हजारो माणसं वर्षानुवर्षं नजरेखाली ठेवून शोधायचं होतं. याआधी असलेच लोक येऊन, हृदयाला वाईट म्हणून, आमच्या भाकरीवरचं लोणी काढून घेऊन गेले होते, त्यामुळे गाव सावध होतं. पण या वेळी त्यांनी वेगळंच काढलं. चर्चच्या सभागृहात उभा राहून एक तरुण डॉक्टर म्हणाला, "आम्हाला सिगारेट ओढणारे पुरुष हवेत. पन्नाशी ओलांडलेले."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांच्या नवऱ्यांना त्यांच्या दुर्गुणासाठी मागणी येण्याची ही पहिलीच वेळ होती.

काम सोपं होतं. रोज एक गोळी घ्यायची आणि वर्षातून दोन-तीनदा आरोग्य केंद्रात जाऊन राइली सिस्टरला छाती, वजन, रक्त दाखवायचं. गाजरात जे रंगाचं सत्त्व असतं ते काही गोळ्यांत होतं, काहींत नव्हतं. कुणाला कोणती मिळाली हे सिस्टरलाही कळू दिलं नव्हतं. त्या सत्त्वानं कॅन्सर अडतो का, एवढंच त्यांना बघायचं होतं. पण अडतो का आणि अडतो यातला फरक गावानं ऐकला नाही. प्रत्येक बाईला खात्री, की खरी गोळी आपल्याच घरात आली आहे. काउकोनं सही केली. परतताना तो चक्क हसला.

"बघ म्हातारे, ओढत होतो म्हणून घेतलं मला."

"मिरवू नकोस," आउने म्हणाली. पण त्या दिवशी तिनं पाकीट चुलीत घातलं नाही.

खरी गोष्ट घडली ती त्याच शरदात. शेजारच्या विल्योचा भाऊ छातीच्या कॅन्सरनं गेला. त्याला पोचवून आल्यावर संध्याकाळी काउको आणि आउने तळ्यात जाळं काढायला गेले. मासे बेताचे होते. काउको वल्ही आत घेऊन बसला आणि एकाएकी म्हणाला, "सोमवारपासून सोडतो."

"काय सोडतोस?"

त्यानं ओठांतली सिगारेट हातात घेऊन तिला दाखवली. "ही."

वीस वर्षं ज्या वाक्यासाठी तिनं आकाशपाताळ एक केलं होतं, ते आपल्या पायांनी चालत होडीत आलं होतं. आणि आउने म्हणाली, "नको."

"नको?"

"अरे, त्यांनी ओढणारे मागितले होते. सोडलीस तर तू ओढणारा राहतोस का? सही करून शब्द दिलायस तू. त्यांचं सगळं गणित तुमच्यावर उभं, आणि तू अर्ध्या छपरावरून खाली उतरणार? आणि गोळी बंद करतील ती वेगळीच. छातीत जे व्हायचं ते आधीच झालं असलं, तर मग तुला राखणार कोण? ते संशोधन संपू दे. मग सोड."

काउकोनं तिच्याकडे बघितलं. "तू म्हणतेस?"

"मी म्हणते."

त्यानं ती सिगारेट पुन्हा ओठांत धरली आणि वल्ही मारायला घेतली.

कपाळावर हात मारून घ्याल तुम्ही. मीही मारला, तिच्या तोंडून हे ऐकलं तेव्हा. पण आमच्या माणसांचं असंच आहे. शब्द पाळायला जीव देतील, पण तो शब्द नेमका काय दिला होता, हे एका फोननं विचारून घेणार नाहीत. डॉक्टरांना कशाला त्रास, म्हणायचं आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा.

त्यानंतरची आठ वर्षं आउनेच्या संसारातली सगळ्यात सुखाची. हे तिनंच मला सांगितलं, म्हणून लिहितो. सकाळी कॉफीच्या कपाशेजारी ती गोळी ठेवायची आणि तो गिळेपर्यंत उभी राहायची. मग भाकरी, मग मासे. त्याची राखदाणी ती स्वतः रिकामी करायची. ओरडणं बंद झालं, कारण आता सिगारेटही कामाचा भाग होती. नदीवरचं काम सुटलं, तशी दोघं संध्याकाळी पायरीवर शेजारी शेजारी बसू लागली. तो ओढायचा, ती मोजे विणायची. दोघांची सावली एकत्र बघून गावाला नवल वाटायचं.

कुणाशी बिनसलं असेल तर विल्योशी. तोही संशोधनात होता. दुसऱ्या वर्षी त्यानं सिगारेट सोडली, आणि तरी तो काउकोबरोबर त्याच बसनं राइली सिस्टरकडे जात राहिला, गोळ्या आणत राहिला. आउनेच्या डोळ्यांत ते सलायचं. ओढणारा म्हणून नाव लावायचं आणि लपून सोडायची! एकदा सहकारी दुकानात तो आपणहून बोलायला आला.

"आउने, आज कॉफी ताजी आलीय बघ."

"खोटं बोलून औषध खाणाऱ्याच्या घशाखाली कॉफी उतरते का रे?" दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली.

विल्योचे कान लाल झाले. 'म्हणजे काय?' एवढे दोन शब्द त्यानं विचारले असते, तर काउको कदाचित आज जिवंत असता. पण तोही आमच्याच मुलखातला. त्यानं टोपी घातली आणि निघून गेला. आउनेनं त्याचं नाव टाकलं.

आठव्या वर्षीच्या उन्हाळ्यात काउकोच्या रुमालावर रक्त दिसलं. शहरातल्या इस्पितळात त्याच्या छातीचा फोटो काढला आणि डॉक्टरांनी खुर्ची ओढून जवळ बसून सांगितलं. इतक्या जवळ बसतात म्हणजे काय ते आउनेला कळलं होतं. उजवं फुप्फुस गेलं होतं, यकृतात पसरलं होतं. कापून उपयोग नव्हता. शरदात त्याला घरी पाठवलं. इतका दांडगा माणूस, पण कॉटवर पांघरुणाखाली आहे की नाही असा दिसायला लागला. आउने त्याला चमच्यानं लापशी भरवायची आणि बाहेर येऊन सरपणाच्या ढिगामागे रडायची. गोळी चालूच होती. ती कुटून लापशीत घालायची.

एका सकाळी रेडिओच्या बातम्यांत ते आलं. संशोधनाचे निकाल लागले होते. गोळीनं फुप्फुसाचा कॅन्सर अडला नव्हता. उलट, सत्त्वाची गोळी घेणाऱ्यांत तो थोडा जास्तच दिसला होता.

आउनेच्या हातात त्या वेळी चमचा होता. तिनं रेडिओ बंद केला, लापशीचं भांडं मोरीत ओतलं आणि काउकोकडे न बघता अंगात कोट चढवला.

"कुठे निघालीस?" काउको म्हणाला.

"गावात."

आरोग्य केंद्रात राइली सिस्टर एकटीच होती. तिचेही डोळे सुजलेले दिसत होते. आठ वर्षांत तिनं कित्येकांना पोचवलं होतं.

"कोणती होती?" आउनेनं उभ्या उभ्याच विचारलं. "माझ्या काउकोला कोणती देत होता तुम्ही? मी माझ्या हातानं भरवलीय त्याला, सिस्टर. रोज. एक दिवस चुकू दिला नाही."

"बसा, पेसोनेनबाई. मला खरंच माहीत नाही. आणि कोणतीही असली तरी एका माणसाबद्दल कुणी छातीठोक सांगू शकत नाही. हजारो माणसांत थोडा फरक दिसलाय. त्यांची छाती मुळात सिगारेटनं..."

"सिगारेट तर तुमच्यासाठीच चालू होती!"

राइलीला कळेना. "आमच्यासाठी?"

मग आउनेनं होडीतलं सगळं सांगितलं. माझा नवरा सोडणार होता, मी सोडू दिली नाही. तुम्हाला ओढणारा हवा होता, म्हणून मी त्याला ओढणारा ठेवला. सांगताना तिचा आवाज खणखणीत होता. तिला वाटत होतं, निदान शब्द पाळल्याबद्दल तरी कुणी आपल्याला बोल लावणार नाही.

राइलीचा चेहरा पांढरा पडला. "कुणी सांगितलं तुम्हाला असं? सोडणाऱ्याला आम्ही कधीच काढलं नाही. सोडली तर आम्हाला आनंदच होता. प्रत्येक भेटीत मी हेच तर कानीकपाळी ओरडत होते. तुमचा शेजारी विल्यो, त्यानं सोडली, तो शेवटपर्यंत होता की."

आउने खुर्चीत बसली.

"काउकोला हे माहीत नव्हतं," ती म्हणाली.

राइली गप्प राहिली. तिनं गप्प राहायला नको होतं, निदान पटकन काहीतरी खोटं बोलायला हवं होतं, असं मला अजून वाटतं. पण तिलाही खोटं जमायचं नाही.

"पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी मला विचारलं होतं," ती हळूच म्हणाली. "सोडली तर नाव काढाल का, म्हणून. मी म्हटलं, खुशाल सोडा, गोळ्या चालू राहतील. ते 'बरं' म्हणाले आणि निघून गेले."

परतीच्या बसमध्ये आउनेला रडू आलं नाही. सकाळी निघताना आपण नवऱ्याला मारलं हे ओझं तिच्या छातीवर होतं. आता तेही धड तिचं राहिलं नव्हतं. ज्यानं आयुष्यात कुणाला काही विचारलं नाही, त्यानं ही एकच गोष्ट विचारली होती, आणि तिला ताकास तूर लागू दिली नव्हती.

शनिवार होता. शनिवारी सॉना, म्हणजे वाफेची न्हाणी, पेटणार नाही असं घर आमच्याकडे मेलेलंच समजावं. आउनेनं सरपण घातलं, पाणी भरलं, आणि काउकोला पांघरुणात गुंडाळून बर्फावरच्या ढकलगाडीवर बसवून सॉनापर्यंत नेलं. आत त्याला खालच्या फळीवर बसवलं. वरच्या फळीची वाफ त्याला आता सोसत नव्हती. ती त्याच्या पाठीला साबण लावू लागली. बरगड्या हाताला लागत होत्या.

"राइली सिस्टरनं तुला सांगितलं होतं," ती म्हणाली.

काउकोनं पाठ थोडी पुढे वाकवली.

"सोडलीस तरी चालेल म्हणून. तू विचारलंस, तिनं सांगितलं."

"हं."

"हं नको! आज हं चालणार नाही, काउको! मला का नाही सांगितलंस?"

तापलेल्या दगडांवर पाणी चुरचुरत होतं. काउकोनं श्वास गोळा केला. त्याला सलग बोलायला जमत नव्हतं, म्हणून तो तुकड्यातुकड्यांनी बोलला.

"तू ओरडायची थांबली होतीस."

"काय?"

"वीस वर्षं. दारातून आत आलो की शिव्या. गोळ्या सुरू झाल्या आणि तू... कॉफी आणून ठेवायला लागलीस. शेजारी उभी राहायचीस. पायरीवर येऊन बसायचीस. म्हटलं, हिला सांगितलं तर पुन्हा सोड म्हणेल. मला सुटायची नाही. पुन्हा सगळं सुरू होईल." तो खोकला. "आठ वर्षं बरी गेली, आउने. मला बरी वाटली."

आउनेनं साबण फेकून दिला. आणि मग तिनं तोंड सोडलं. आठ वर्षांचं साचलेलं सगळं तिनं त्या एवढ्याशा काळोख्या खोलीत ओतलं. मेल्या, म्हणाली. कपाळकरंट्या, म्हणाली. मी बोंब मारली असती, घर डोक्यावर घेतलं असतं, तुला झोपू दिलं नसतं, आणि तू जगला असतास! शांतता हवी होती तुला? आता घे, कबरीत किती हवी तितकी घे! मी काय करू त्या शांततेचं एकटी? ती ओरडत होती आणि त्याची पाठ धूत होती, दोन्ही एकदमच. तिचा आवाज तळ्यापलीकडे गेला. विल्यो आपल्या दारात येऊन उभा राहिला आणि ऐकत राहिला. काउको पूर्वीसारखाच मान खाली घालून बसला होता.

शेवटी तिचा घसा बसला. "उद्यापासून सिगारेटला हात लावायचा नाही," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. कशासाठी म्हणाली ते तिलाही माहीत नव्हतं.

"बरं," काउको म्हणाला.

आणि त्यानं सोडली. मरणाच्या दारात बसून, आता काही मिळायचं नाही, काही वाचायचं नाही, अशा वेळी. इतके दिवस अशक्त बोटांनी दोन झुरके तरी घ्यायचा, तेवढाच त्याचा जीव रमायचा. तेही गेलं. तो घामानं भिजायचा, पांघरुणाशी चाळा करायचा, भिंतीकडे बघायचा. आउनेला ते बघवेना. आपण काय बोलून बसलो म्हणून ती स्वतःलाच शिव्या देऊ लागली. विल्यो आता रोज दुपारी यायचा, सरपण आणून टाकायचा आणि न बोलता काउकोच्या पायांशी बसायचा. आउनेनं त्याची माफी मागितली तेव्हा तो फक्त म्हणाला, "आधी विचारायला हवं होतं मी."

एका दुपारी कळा फार वाढल्या. आउनेनं कपाटातून जुनं पाकीट काढलं, आयुष्यात कधी ओढली नव्हती ती सिगारेट स्वतःच्या ओठांत धरून पेटवली, खोकली, आणि त्याच्या ओठांपाशी नेली.

"घे रे. माझ्यासाठी घे. मी रागात बोलले होते."

काउकोनं तोंड फिरवलं. "नको," तो म्हणाला. "तू म्हणालीस ना."

तिनं हातापाया पडून सांगितलं. विल्योनंही सांगितलं. त्यानं ओठ उघडले नाहीत. सिगारेट तिच्या बोटांत जळून संपली.

नाताळाच्या आधी तो गेला.

तळ्यावरचं बर्फ फुटायला लागलं तेव्हा राइली सिस्टर घरी आली, हातात वेलदोड्याचा गोड पाव घेऊन. कॉफी झाली. मग तिनं संकोचानं विचारलं, संशोधनासाठी एवढं एकच राहिलंय, नको असेल तर सांगू नका. जे गेले त्यांच्याबद्दल आम्हाला शेवटचं विचारावं लागतं.

"विचारा," आउने म्हणाली.

"शेवटी ते ओढत होते का?"

"नाही. सोडली होती."

राइलीनं चमकून वर पाहिलं. "कधीपासून?"

आउनेनं खिडकीतून रिकाम्या पायरीकडे बघितलं.

"मी सांगितलं तेव्हापासून," ती म्हणाली.